कागदावरची स्टेशने

लंडनला शिकायला गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी मला पोस्टाने एक पाकीट पाठविले. तेथल्या रद्दीच्या दुकानात त्याला एक घडीचा कागद मिळाला होता. लंडनच्या भुयारी रेल्वेचा, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला नकाशा. “सर, तुम्हाला जुन्या कागदांचे वेड आहे म्हणून पाठवतो,” अशी चिठ्ठीही होती.

नकाशा पाहता पाहता मी वरच्या टोकाला आलो. तेथे ‘बुशी हीथ’ असे स्टेशनाचे नाव. आजच्या नकाशात शोधले, तर असे स्टेशनच नाही! प्रथम वाटले, छापणाऱ्याची चूक असावी. पण चूक नव्हती. त्या कागदामागे एक इतिहास होता, आणि तोच आज आपल्याला सांगायचा आहे.

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनलाच, 10 जानेवारी 1863 रोजी सुरू झाली. ती चालायची वाफेवर. धुराने भुयार भरून जायचे. 1890 पासून खोल बोगद्यांतून विजेच्या गाड्या धावू लागल्या. पण हे मार्ग निरनिराळ्या कंपन्यांचे. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, आणि त्यात आपला मार्ग ठळक. शेवटी 1908 साली कंपन्यांनी मिळून सगळ्यांचा एक नकाशा काढला. तो खऱ्याखुऱ्या भूगोलाला धरून होता. पण शहराच्या मध्यभागी स्टेशनांची एवढी दाटी, की सुताचा गुंडा सुटून पडावा तसे दिसे. शहराबाहेरचे मार्ग मात्र लांबच लांब. ते कागदात मावेनात.

हा गुंता सोडविला हॅरी बेक नावाच्या तरुणाने. भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो ड्राफ्ट्समन होता. 1931 साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, फावल्या वेळात त्याने एक नवाच आराखडा काढला. त्याचा विचार साधा होता. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वरचा रस्ता कोठे वळतो याच्याशी काय कर्तव्य? त्याला दोनच गोष्टी हव्यात: गाडीत कोठे बसायचे आणि ती कोठे बदलायची. म्हणून त्याने सगळे मार्ग सरळ केले. काही आडवे, काही उभे, काही तिरपे. दाट मध्यभाग मोठा केला, लांबचे टोक जवळ आणले. प्रत्येक मार्गाला आपला रंग. जमिनीवरच्या खुणांपैकी एक टेम्स नदी तेवढी ठेवली.

शिक्षकबंधूंनो, हे आपल्याला नवे नाही. पाहुण्याला वाट सांगताना आपण काय करतो? काडीने धुळीत रेघ ओढतो. “हा वड, ही विहीर, येथून उजवीकडे वळा,” झाले! तलाठ्याच्या दप्तरातला गावनकाशा शेताच्या हद्दीसाठी अचूक लागतो. धुळीतली रेघ वाटसरूसाठी. दोन्ही खरेच, पण ज्याच्या त्याच्या कामापुरते.

वरिष्ठांना मात्र हे पटेना. अंतरे खरी दाखवीत नाही तो नकाशा कसला, असे म्हणून त्यांनी तो परत केला. बेकने पुन्हा प्रयत्न केला, आणि जानेवारी 1933 मध्ये तो खिशात मावेल अशा घडीच्या रूपात छापला गेला. लोकांचे मत मागविणारी विनंतीही त्यावर होती. लोकांनी तो उचलून धरला. अर्थात या सोयीचीही किंमत आहेच. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्टेशनांत जेमतेम 260 मीटरचे अंतर, पण नकाशावर ते दूर वाटते. मग परका माणूस पायी जाण्याऐवजी गाडीत बसतो!

पुढे पंचवीसहून अधिक वर्षे बेक हा नकाशा सुधारीत राहिला. खालच्या कोपऱ्यात त्याचे नाव असे. पण 1960 साली दुसऱ्याच माणसाने केलेला नकाशा निघाला. त्यावर बेकचे नाव नव्हते. त्यात एवढी ओढाताण होती, की ‘ऑल्डगेट’ हे स्टेशनाचे नाव मोडून मार्गाच्या रेषेच्या दोन बाजूंना छापले होते. चार वर्षांत तो बदलावा लागला. पण नवे काम बेककडे आले नाही. त्याने पुष्कळ पत्रव्यवहार केला, उपयोग झाला नाही. 1974 साली तो वारला. 1997 पासून मात्र लंडनच्या नकाशावर त्याच्या मूळ कल्पनेचा उल्लेख छापला जातो. हयातीत गेलेला मान मरणानंतर तेवीस वर्षांनी मिळाला.

आता बुशी हीथकडे वळू. 1935 साली शहराच्या उत्तरेकडे मार्ग वाढविण्याची मोठी योजना ठरली. काम सुरू झाले, नकाशात पुढची स्टेशने दाखविली गेली. तोच 1939 साली महायुद्ध पेटले. युद्धानंतर लंडनभोवतीच्या मोकळ्या हरित पट्ट्यात घरे बांधायला बंदी आली. वस्तीच होणार नाही, तर गाडी कोणासाठी? योजना सोडून दिली. एका पुलाच्या काही कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि स्टेशन राहिले कागदावर.

जुने नकाशे जमविणारे लोक अशाच खुणा पाहतात. ‘नॉर्दर्न’ हे मार्गाचे नाव दिसले, की कागद 1937 पूर्वीचा नाही. ‘व्हिक्टोरिया’ मार्गावर गाड्या धावताना दिसल्या, तर 1968 किंवा त्यानंतरचा. हे नकाशे फुकट वाटले जात, म्हणून लोकांनी ते फेकून दिले. आणि फेकून दिले, म्हणूनच आज दुर्मीळ झाले. इतिहास ताम्रपटात असतो, तसा फुकटच्या कागदातही असतो. घडलेले तर तो सांगतोच, पण लोकांच्या मनात काय होते आणि घडायचे राहून गेले, तेही सांगतो.

तेव्हा गुरुजी, एवढे करा. मुलांना घरातले जुने एस. टी. चे वेळापत्रक, जत्रेचे हस्तपत्रक, जुना गावनकाशा शोधून आणायला सांगा. त्यावरचे एखादे गाव, एखादी वाट आज सापडत नसेल, तर छापणाऱ्याची चूक म्हणून सोडून देऊ नका. ती वाट कोठे गेली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा. त्या दिवशीचा इतिहासाचा तास मुले विसरणार नाहीत.