चालतंय की बरोबर चालतंय? ओव्हरक्लॉकिंगची चाळीस वर्षं

मी बोलतोय पंचकुल्याहून. हरियाणातलं हे शहर, शेजारी चंदीगड आणि त्याला लागून पंजाबातलं मोहाली. तिन्ही एकमेकांना इतकी चिकटलेली, की इथली माणसं सरळ 'ट्रायसिटी' म्हणतात.

आजचा विषय आहे ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. आणि त्यानंतर तो मधेच बंद पडायला लागला, निळा पडदा दाखवायला लागला, की दोष कुठे आहे ते शोधणं. सुरुवात मी याच परिसरापासून करतो, कारण चिप तयार करणारा सरकारी कारखाना मोहालीत उभा राहिला. त्याचं नाव सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड. १९८४ साली तिथे उत्पादन सुरू झालं. त्याच काळात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीशी करार करून या कारखान्याने 'बीबीसी मायक्रो' हा शाळकरी संगणक भारतात 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने तयार केला. त्याचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे सेकंदाला वीस लाख ठोके. आज दुकानात मिळणारा चांगला प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके. अडीच हजार पट.

हा ठोका म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात. एका ठोक्याला आकडेमोड सुरू होते आणि पुढचा ठोका पडायच्या आत उत्तर आपल्या जागी पोचावं लागतं. ५ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधला वेळ असतो ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटिमीटर जातो. उत्तर वेळेत पोचलं नाही, तर प्रोसेसर थांबत नाही. जे अर्धवट हाती आलं असेल, तेच खरं धरून पुढे जातो. ओव्हरक्लॉकिंगमधल्या सगळ्या भानगडींचं मूळ इथे आहे.

मग कारखाना वेग ठरवतो कसा? देवगडच्या आंब्यासारखा. एकाच झाडाचे आंबे सारखे नसतात, म्हणून प्रतवारी होते. एकाच चकतीवर तयार झालेल्या चिपाही सारख्या नसतात. प्रत्येकीची चाचणी होते आणि तिला वेगाची प्रत मिळते. पण कारखाना अगदी काठावरचा आकडा छापत नाही. खोली गरम असेल, वीज वरखाली होईल, चिप पाच वर्षांनी म्हातारी होईल, हे सगळं धरून तो थोडी शिल्लक ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक खर्च करणं. आणि बिघाड शोधणं म्हणजे नेमकी कोणती शिल्लक संपली ते शोधणं. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, आणि इतिहास त्याची एकेक साक्ष देतो.

पहिली साक्ष १९८४ची. आयबीएमने पीसी एटी बाजारात आणला, ६ मेगाहर्ट्झचा. त्याचा ठोका ठरवणारं क्रिस्टल मदरबोर्डवर खोबणीत बसवलेलं होतं, डाग देऊन जोडलेलं नव्हतं. लोकांनी ते उपसलं आणि जास्त वेगाचं घातलं. यंत्र ८ मेगाहर्ट्झवर पळायला लागलं, कुणाचं त्याहूनही पुढे गेलं. आयबीएमला ते आवडलं नाही. नंतरच्या बायोसमध्ये कंपनीने वेगाची तपासणी घातली आणि वेग जास्त दिसला की यंत्र सुरूच व्हायचं नाही. शिल्लक कुणाची, कारखान्याची की गिऱ्हाइकाची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

दुसरी साक्ष १९९८ची. लॅमिंग्टन रोड किंवा नेहरू प्लेसला त्या काळी फेऱ्या मारलेल्यांना हे नाव आठवेल: सेलेरॉन ३००ए. इंटेलने ऑगस्ट १९९८मध्ये तो १४९ डॉलरला आणला. त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची किंमत होती ६६९ डॉलर. इंटेलने तोवर गुणक कुलूपबंद करायला सुरुवात केली होती, कारण स्वस्त चिपेवर महाग वेगाचा आकडा छापून विकणारे जगभर बोकाळले होते. सेलेरॉनचा गुणक साडेचारवर पक्का होता. पण मदरबोर्डचा मूळ ठोका मोकळा होता. ६६ गुणिले साडेचार म्हणजे ३००. तोच ठोका १०० केला की ४५०. काही मदरबोर्डांवर तर बी-२१ नावाच्या एका पिनेवर चिकटपट्टी लावली की काम व्हायचं. आंबा पहिल्या प्रतीचा, पण विकला जात होता दुसऱ्या प्रतीच्या पेटीतून.

आता यातली गंमत बघा. ज्यांना १००ची भीती वाटायची, ते मधला मार्ग म्हणून ८३ मेगाहर्ट्झ निवडायचे. वाटायचं, कमी ताण तर कमी धोका. प्रत्यक्षात ८३वरच फायली खराब व्हायच्या. कारण पीसीआय बसचा ठोका मूळ ठोक्यातून भागाकाराने निघायचा. १००ला तीनाने भागलं की बरोबर ३३ मिळायचे, जे त्या बसचं ठरलेलं प्रमाण. ८३ला मात्र अनेक बोर्ड दोनानेच भागायचे, म्हणजे साडेएकेचाळीस. प्रोसेसर मजेत असायचा आणि हार्ड डिस्कचा कंट्रोलर धापा टाकत असायचा. म्हणजे शिल्लक प्रोसेसरची नाही, शेजाऱ्याची संपली होती.

तिसरी साक्ष खुद्द इंटेलची. मार्च २०००मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा आधी गाठला आणि इंटेल दोन दिवसांनी पोचलं. ही शर्यत जिंकायच्या नादात इंटेलने ३१ जुलै २०००ला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला. 'टॉम्स हार्डवेअर'च्या थॉमस पाब्स्टना तो अस्थिर वाटला. साध्या चाचण्यांतून तो पास व्हायचा, पण लिनक्सचा कर्नल कंपाइल करायला घेतला की कोसळायचा. दुसऱ्या परीक्षकांनीही तेच पाहिलं आणि ऑगस्ट संपायच्या आत इंटेलने तो परत मागवला. कारखान्यानेच शिल्लक खाल्ली, तर छापील वेगही ओव्हरक्लॉकच ठरतो. आणि तासभर गेम चालला म्हणजे यंत्र स्थिर आहे, असं म्हणता येत नाही.

मग म्हणायचं कधी? याचं उत्तर गणिताच्या एका प्रकल्पातून आलं. १९९६मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा सामूहिक उपक्रम सुरू केला. लोकांच्या घरच्या संगणकांवर एकेक आकडेमोड दिवसच्या दिवस चालायची. मधे एक अंक चुकला तर सगळं पाण्यात. म्हणून त्यांच्या 'प्राइम९५' या प्रोग्रॅममध्ये उत्तर पडताळण्याची सोय होती आणि यंत्र भरवशाचं आहे का ते बघणारी छळचाचणीही. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ती उचलली. संगणक बंद न पडता, वर बाण हलत असताना, गाणी चालू असताना, ही चाचणी सांगायची की तुझं उत्तर चुकलंय. 'चालतंय' आणि 'बरोबर चालतंय' यांतला फरक सामान्य माणसाला असा दिसला. बंद पडणारं यंत्र परवडलं, निदान ते ओरडून सांगतं. गप्प चुकणारं यंत्र लग्नाच्या फोटोंची फाईल कॉपी करताना बिघडवतं आणि तुम्हाला ते वर्षाने कळतं.

चौथी शिल्लक उष्णतेची. वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खप वेगाच्या पटीत व व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवा, खप वाढतो तेहतीस टक्क्यांनी. याच भिंतीवर इंटेल आपटलं आणि ऑक्टोबर २००४मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द झाला. पंचकुल्यात हे गणित ऋतू शिकवतो. जानेवारीत खोली १५ अंशांवर, जूनमध्ये एसी नसेल तर ३८. जानेवारीत भर कामात ८० अंशांवर राहणारा प्रोसेसर जूनमध्ये ढोबळमानाने शंभरी ओलांडू पाहतो, आणि तिथे तो स्वतःच वेग उतरवतो किंवा त्याआधीच कोसळतो. नागपूर, जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. थंडीत पास झालेली सेटिंग थंडीपुरतीच पास असते. मे-जूनमध्ये ती पुन्हा तपासायची.

२००८च्या नोव्हेंबरात कोअर आय७ आला आणि टर्बो बूस्ट घेऊन आला. तापमान आणि वीज बघून प्रोसेसर आपणहून वेग वाढवू लागला. जी शिल्लक पूर्वी हौशी माणूस वापरायचा, ती आता कारखानाच जागच्या जागी वापरतो. म्हणून आज हाताने मिळणारा फायदा थोडा आणि फसण्याच्या जागा जास्त.

शेवटची साक्ष ताजी आहे आणि मला सगळ्यांत बोलकी वाटते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम कोसळायला लागले. पडद्यावर संदेश यायचा, ग्राफिक्स कार्डची मेमरी अपुरी आहे. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. कार्ड निर्दोष होतं. गेम उघडताना दाबून ठेवलेला डेटा प्रोसेसर सोडवतो, आणि तिथे तो चुकत होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सुधारित मायक्रोकोड दिला आणि सप्टेंबरमध्ये कारण सांगितलं: जादा व्होल्टेज आणि तापमानामुळे चिपेतला ठोका पोचवणारा भाग अकाली झिजत होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. ही पाचवी शिल्लक, वयाची. एकदा गेली की परत येत नाही.

आता या साक्षींवरून शोध कसा घ्यायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी बायोसमध्ये सगळं मूळ सेटिंगवर आणा. यंत्र सुरूच होत नसेल तर मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरा. मूळ सेटिंगवरही कोसळत असेल, तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. पॉवर सप्लाय, रॅम, डिस्क, धुळीने भरलेला कूलर बघा. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइलही बंद करा. पेटीवर छापलेलं असलं तरी ते ओव्हरक्लॉकच आहे.

मग एकेकाला वेगळं करा. रॅमची चाचणी विंडोजमध्ये नको, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. ती निर्दोष ठरली की प्रोसेसर, शेवटी ग्राफिक्स कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कुणाला आला ते कळत नाही.

लक्षणं वाचा, पण संदेशावर आंधळा विश्वास नको. भर कामात पडतोय, तर व्होल्टेज किंवा उष्णता. निवांत असताना पडतोय, तर कमी केलेलं व्होल्टेज हलक्या कामाला पुरत नसेल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर'च्या नोंदी दिसल्या, तर यंत्र न पडताही चुकतंय असं समजा.

आणि उपाय करताना आधी वेग उतरवा, व्होल्टेज नंतर चढवा. वेग उतरवला तर फार तर दोन टक्के जातात. व्होल्टेज चढवलं तर वय जातं.

मोहालीचा तो कारखाना १९८९च्या फेब्रुवारीत आगीत सापडला, पुन्हा उभा राहिला, आणि आज सेमीकंडक्टर लॅबोरेटरी या नावाने १८० नॅनोमीटरच्या चिपा बनवतो. नव्या फॅक्टऱ्यांपुढे हे तंत्र जुनं. पण इस्रोच्या प्रक्षेपकांसाठीचा 'विक्रम ३२०१' प्रोसेसर तिथेच तयार होतो, आणि तो उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालेल असा घडवलेला आहे. रॉकेटला वेगापेक्षा शिल्लक महत्त्वाची. तुमच्या टेबलावरच्या यंत्राला रॉकेट उडवायचं नाही, हे खरं. पण त्यात मुलीचा प्रबंध असेल, दुकानाचा हिशोब असेल, तर किती पळतंय हे विचारायच्या आधी दोन अधिक दोन नेमाने चारच येतात का, एवढं रात्रभर तपासून घ्या. भेटू पुढच्या भागात.