रेडवे आणि विजेची सायकल

१९६७ साली नवे शहर म्हणून जाहीर झालेल्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये १९७०च्या दशकापासून पादचारी आणि सायकलस्वारांसाठी लाल डांबराच्या ‘रेडवे’ वाटा बांधल्या गेल्या. मोठे रस्ते त्या बहुतेक भुयारी मार्गांनी किंवा पुलांवरून ओलांडतात. त्यामुळे एरवी सपाट वाटेवर छोटे चढउतार येत राहतात, आणि तिथे विजेची सायकल कामी येते.

१९८३च्या ब्रिटिश नियमांनी विजेच्या साध्या दुचाकी सायकलीच्या मोटरला २०० वॅटची मर्यादा घातली. २०१५मध्ये ती २५० वॅट झाली आणि मोटरची मदत ताशी साडेपंधरा मैलांवर थांबू लागली. नियमात बसणाऱ्या मोटरींची तुलना मग ताकदीवर नव्हे, तर जागेवर येऊन ठेपते. चाकाच्या तुंब्यातली मोटर स्वस्त आणि देखभालीला सोपी असते. पॅडलजवळची मोटर गिअर वापरत असल्याने चढावर सरस ठरते, पण महाग पडते आणि साखळीही लवकर झिजवते. रेडवेवरच्या रोजच्या फेऱ्यांना पहिली पुरेशी आहे. दुसरीचे पैसे लांब चढांच्या गावात वसूल होतात. पल्ला मात्र मुख्यतः बॅटरीच ठरवते: किलोमीटरला १० वॅट-तास खर्च धरला, तर ४०० वॅट-तासांत ४० किलोमीटर. थंडीत, समोरच्या वाऱ्यात किंवा टायरमध्ये हवा कमी असताना तो घटतो.