मेलबर्नचा शनिवार

'नॉस्टॅल्जिया'ला मराठीत 'स्मरणरंजन' म्हणण्याचा प्रघात आहे. मूळ शब्द 1688 साली योहानेस होफर या स्विस वैद्यकाने घडवला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले आणि ते एका आजाराला नाव म्हणून दिले. आपण त्यातली वेदना गाळली आणि रंजन ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मेलबर्नमधल्या फुटबॉलच्या आठवणी वाचताना मला दोन्ही शब्द अपुरे वाटत आले आहेत. त्या आठवणींत रंजन आहे, वेदनाही आहे. पण त्यांत एक मोठा विसरही आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचे, प्रत्येक बाजूला 18 खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतो, पण फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसावा लागतो, नाहीतर लाथेने मारावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. क्रिकेटपटूंचे अंग हिवाळ्यात जड होऊ नये म्हणून काहीतरी खेळ हवा, असे पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये लिहिले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड मराठी वाचकाला परके नाही. 1948 च्या सुरुवातीला विनू मंकड यांनी तिथे दोन कसोटी शतके काढली. त्याच वर्षी हिवाळा सरताना त्याच मैदानावर एसेंडन आणि मेलबर्न या क्लबांतला फुटबॉलचा अंतिम सामना इतिहासात प्रथमच बरोबरीत सुटला आणि आठवड्याने पुन्हा खेळवावा लागला.

त्या काळी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये 12 क्लब होते. एक जिलाँगचा, बाकी सगळे मेलबर्नचे आणि बहुतेक उपनगरांच्या नावांचे: कॉलिंगवुड, कार्लटन, रिचमंड, फिट्झरॉय, फुट्स्क्रे, हॉथॉर्न. प्रत्येक क्लबचे मैदान त्याच्या वस्तीतच असे. शनिवारी दुपारी सहा सामने होत आणि सहाही जवळजवळ एकाच वेळी सुरू होत. रविवार मोकळा. म्हणजे सारे शहर त्या दोन-अडीच तासांत एकच गोष्ट करत असे, पण सहा ठिकाणी. इतर मैदानांवरचे गुण फलकावर लागत, तेही क्लबच्या नावांनी नव्हे, अक्षरांच्या खुणांनी. कोणते अक्षर कोणत्या सामन्याचे, हे कळायला 'फुटबॉल रेकॉर्ड' ही पुस्तिका विकत घ्यावी लागे. सामना संपला की पुरुष दारूच्या गुत्त्याकडे धावत, कारण 1966 पर्यंत व्हिक्टोरियात गुत्ते संध्याकाळी सहाला बंद होत. आठवणी सांगणारे हा तपशील हटकून सांगतात: चिखल, पाऊस, घरी विणलेले मफलर आणि सहाच्या आत पोटात गेलेली बिअर.

या आठवणींना मोठे प्रसंगही आहेत. 1954 मध्ये फुट्स्क्रे या कारखान्यांच्या, कामगारांच्या उपनगराने मेलबर्नला 51 गुणांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले. 1956 च्या अंतिम सामन्याला 1,15,802 प्रेक्षक होते, आणि तेव्हा शहराची वस्ती साधारण 15 लाख. मेलबर्न क्लबच्या रॉन बरासी याचे वडीलही त्याच क्लबचे खेळाडू. ते 1941 मध्ये तोब्रुकला लढाईत मारले गेले. पोरका मुलगा वडिलांच्याच क्लबात मोठा झाला आणि त्याचा मानबिंदू ठरला. म्हणूनच 1964 च्या मोसमानंतर तो कार्लटनला गेला, तेव्हा अनेकांना एक युग संपल्यासारखे वाटले. इयन टर्नर हे इतिहासकार पुढे विनोदाने 'रॉन बरासी स्मृतिव्याख्याने' देत असत, आणि बरासी तेव्हा हयात होता. माणूस जिवंत असताना ज्याचे सुतक पाळले गेले, ती गोष्ट म्हणजे निष्ठा.

पण ही निष्ठा खेळाडूंनी स्वेच्छेने दिली होती का? माझ्या मते इथेच विसराला सुरुवात होते. 1915 पासून मेलबर्नचे क्षेत्रवार वाटप झालेले होते. ज्या भागात तुमचे घर, त्या भागाच्या क्लबचे तुम्ही. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. त्यात 1930 च्या कूल्टर नियमाने खेळाडूच्या मोबदल्यावर सामन्यामागे 3 पौंडांची मर्यादा घातली. युद्धानंतर रक्कम वाढत गेली, पण मर्यादेचे तत्त्व राहिले. म्हणून हजारोंच्या गर्दीपुढे खेळणारा सोमवारी इतरांसारखा कामावर जाई. प्रेक्षक आज म्हणतो, 'खेळाडू आमच्यातलाच होता.' होता खरा. पण तो आमच्यातून बाहेर पडू नये अशी व्यवस्थाही होती.

आणि 'आमच्यात' कोण होते? एसेंडनकडून 1947 ते 1953 या काळात नॉर्म मॅक्डॉनल्ड हा मूलनिवासी खेळाडू खेळला. 1962 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून जिलाँगला आलेल्या ग्रॅहम फार्मरने मुठीने चेंडू देण्याच्या तंत्राचे महत्त्वच बदलून टाकले. तोही मूलनिवासी वंशाचा. देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासींची गणना करू नये, हे राज्यघटनेतले कलम मात्र 1967 च्या सार्वमतानंतरच गेले. युद्धानंतर बोटीने आलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांपैकी अनेकांनी आपले सॉकरचे क्लब काढले. ज्या जुन्या उपनगरी मैदानांच्या आठवणी हळवेपणाने काढल्या जातात, त्यांपैकीच एक कॉलिंगवुडचे व्हिक्टोरिया पार्क. तिथे 1993 मध्ये सेंट किल्डाच्या निकी विन्मारला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. सामना जिंकल्यावर त्याने जर्सी वर करून प्रेक्षकांना आपल्या कातडीकडे बोट दाखवले. तो शेरा काही त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तोंडी आला नव्हता.

जुनी घडी मोडली ती टप्प्याटप्प्याने. 1957 मध्ये सामन्यांचा शेवटचा भाग दूरदर्शनवर दिसू लागला. मोटारी आल्या, कुटुंबे दूरच्या उपनगरांत राहायला गेली, जुन्या वस्त्यांतले क्लब कर्जात बुडाले. 1982 मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला. पुढच्या वर्षी सिल्व्हिओ फोस्किनी या त्यांच्या तरुण खेळाडूने सिडनीला राहायला जाण्यास नकार दिला. त्याला मेलबर्नमध्येच राहून सेंट किल्डाकडून खेळायचे होते, पण लीगचे नियम आडवे आले. तो कोर्टात गेला आणि व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नियम व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन ठरवले. मला या खटल्यात सगळ्या विषयाचे मर्म दिसते. खेळाडूला वस्तीशी बांधून ठेवणारा नियम मोडला तो आपले शहर सोडायला तयार नसलेल्या मुलाने. गाव सोडून गेला होता तो क्लब.

तरीही स्मरणरंजन म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही. 1989 मध्ये लीगने फुट्स्क्रेचे फिट्झरॉयमध्ये विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा फुट्स्क्रेचे लोक रस्त्यावर उतरले, दारोदार डबे फिरवले, कोर्टात गेले, आणि काही आठवड्यांत क्लब वाचवला. त्यांनी काही जुने क्षेत्रवाटप परत मागितले नाही, खेळाडूची मजुरी दाबायला सांगितले नाही. त्यांचे मागणे एवढेच होते की आपल्या वस्तीचे नाव आपल्याला न विचारता पुसू नये. नाव पुढे 1996 च्या अखेरीस बदललेच, फुट्स्क्रेचे 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाले. पण क्लब टिकला आणि 62 वर्षांनी, 2016 मध्ये, दुसऱ्यांदा विजेता झाला.

फिट्झरॉयला हे जमले नाही. लीगच्या संस्थापक क्लबांपैकी हा एक. 1996 मध्ये शेवटचा सामना खेळून तो ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. मात्र त्याचे जुने मैदान, ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल, तिथली लाकडी प्रेक्षक सज्जासकट शाबूत आहे. 2009 पासून फिट्झरॉय याच नावाचा संघ हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत तिथे उतरतो. पैसा तेव्हाही फारसा नव्हता, आता तर मुळीच नाही. फरक एवढाच, की आता हिवाळ्यातल्या शनिवारी जे मैदानावर येतात, त्यांना घराच्या पत्त्यामुळे यावे लागत नाही.