प्रवासी, परदेशी आणि आपण

'प्रवासी' हा शब्द संस्कृतात मूळचा घर सोडून दूर राहणाऱ्याचा. मराठीने त्यातील वास्तव्य मागे टाकून वाटचाल तेवढी ठेवली. हिंदीने जुना अर्थही जपला. महात्मा गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेहून परतले. त्या स्मरणार्थ भारत सरकारने २००३ पासून 'प्रवासी भारतीय दिवस' आरंभिला, तेव्हा कित्येक मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर आगगाडीतला उतारूच उभा राहिला असेल.

कायद्याचा शब्द 'अनिवासी'. त्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्याने १८२ दिवसांची कसोटी प्रमुख मानली. सरकारी सेवेत आयुष्य गेल्याने अशा शब्दांची सोय आम्ही जाणतो. परंतु स्वतःच्या मुलासाठी तो वापरताना जीभ अडखळते. मग उरतो 'परदेशी'. 'मुलगा परदेशी असतो' असे मराठीत अभिमानाने सांगावे, तर शेजारच्या कन्नड आजींना दया यावी! कारण बोली कन्नडात परदेशी म्हणजे अनाथ, निराधार. धारवाडात वाढलेल्या आम्हांस दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

तथापि आमच्यासाठीही एक शब्द आहे : 'बृहन्महाराष्ट्रीय'. बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर येथे मराठी माणसे गेली आणि महाराष्ट्राबाहेरची ठरली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या १९८१ साली स्थापन झालेल्या शिखर संस्थेनेही 'बृहन्महाराष्ट्र मंडळ' हेच नाव घेतले. धारवाडची गोष्ट निराळी. आमचे आजोबा मुंबई इलाख्यात जन्मले, आम्ही म्हैसूर राज्यात आणि मुलगा कर्नाटकात. घर मात्र तेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा हलली, माणसे जागीच राहिली. त्यांना 'बाहेरचे' म्हणताना नेमके कशाच्या बाहेरचे, हे विचारावयास हवे.

याचे उत्तर याच गावाने दिले आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे १८९६ मध्ये धारवाडात जन्मले. घरची भाषा मराठी, कविता कन्नड. 'नाकु तंति' या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. त्यांना प्रवासी वा परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण त्यांनी या भूमीची भाषा आपली मानली आणि घरचीही टाकली नाही. मराठीतही लेखन केले.

दूरदेशी असलेल्या आमच्या मुलांकडून आम्ही हीच अपेक्षा करतो. ती तिथली व्हावीत आणि घरी मराठी बोलावीत. मग त्यांना कोणत्या शब्दाने संबोधावे, हा प्रश्न आम्हांस फारसा छळणार नाही. फोनवर आम्ही त्याला नावानेच हाक मारतो.