अद्भुत, विज्ञान आणि ‘असे कुठे घडते का?’

१/ फँटसी म्हणजे नुसती कल्पना, विज्ञानकादंबरीला निदान काही आधार असतो, असे मत वाचकांच्या गप्पांत सहज ऐकू येते. या मतामागे दीडशे वर्षांचा एक मराठी वाद आहे. त्याची उत्तम खूण देऊळगाव राजाच्या पूर्वेस, याच बुलढाणा जिल्ह्यात आहे : लोणार.

२/ लोककथा सांगते की येथे लवणासुर दडला होता आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी निगडित आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीने घडले असावे, असे अनेक भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्काघाताचे ठरवले. आकाशातून काहीतरी खरोखरच कोसळले होते!

३/ आता कादंबरीकडे वळू. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. राजकन्या, विरह आणि चमत्कार यांनी भरलेली ही अद्भुतरम्य कथा. प्रस्तावनेत लेखकाने आपली अडचण मांडली : आपल्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, रोजचे लिहावे तर ते कंटाळवाणे, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो.

४/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही कबुली मोलाची आहे. जेथे विवाह बालपणीच ठरतो, तेथे प्रेमकथेतील अनुनय, निवड आणि नकार यांना जागा कोठून मिळणार? ती जागा अद्भुताने दिली. राजवाड्यांची ही कथा नकळत बंद दरवाजांच्या घराविषयीही बोलते.

५/ चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून अशा कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर टीका केली. ‘असे कुठे घडते का?’ हा वाचकाचा सवाल तेव्हापासून समीक्षेचा निकष होऊ लागला.

६/ हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीने १८९० च्या दशकात रिसबुडांचा समज खोडून काढला. रिसबुडांना नीरस वाटलेल्या त्याच घरात, एका विधवेच्या आयुष्यात, वाचकाला हलवून सोडणारी कथा दडलेली होती.

७/ मात्र अद्भुत संपले नाही; त्याने वेष बदलला. १९०० पासून ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा ‘चंद्रलोकची सफर’ हा अनुवाद क्रमशः येऊ लागला. त्या वेळी चंद्रप्रवास लवणासुराइतकाच अशक्य होता. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला.

८/ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक : नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरे उलटी करून! शास्त्रज्ञाच्या कीर्तीने नव्हे, तर कथेच्या गुणाने निवाडा व्हावा, ही त्यामागची इच्छा.

९/ ‘घडू शकते’ आणि ‘घडू शकत नाही’ यांमधील सीमा प्रत्येक काळ नव्याने आखतो. म्हणून केवळ त्या सीमेवरून अद्भुतकथेला हीन ठरवणे अपुरे आहे. ‘हे खरे आहे का?’ यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : या काळातील माणसांना वास्तवात काय मिळत नव्हते, म्हणून त्यांनी हे कल्पिले? ‘मंजुघोषा’चे उत्तर तिच्या प्रस्तावनेतच आहे.