वसईचे धर्मग्राम आणि दानाची परंपरा

ख्रिस्ती उपासनेतील मुख्य विधीला ग्रीक भाषेत जे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ ‘आभार मानणे’ असा आहे. त्या विधीत भाकर आणि द्राक्षरस वेदीवर ठेवतात. भाकर शेतातून येते, रस मळ्यातून येतो आणि दोहोंना माणसाचे कष्ट लागलेले असतात. भूमीने दिलेले आणि हातांनी घडविलेले परत अर्पण करावयाचे, ही त्यामागील कल्पना होय. ही कल्पना एखाद्या गावाच्या रोजच्या जीवनात कशी उतरते आणि राजाचा आधार तुटल्यावरही कशी टिकते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या धर्मग्रामांत पाहावयास मिळते.

धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवती वसलेला ख्रिस्ती समाज. पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही नावे वसईकरांच्या तोंडी गावांची म्हणून जशी येतात, तशीच धर्मग्रामांची म्हणूनही येतात. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी तेथे होतात, सण तेथे साजरे होतात आणि गावाचे बरेवाईट तेथेच बोलले जाते.

या धर्मग्रामांचा आरंभ सत्तेच्या छायेत झाला, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांचे धर्मगुरू येथे आले. किल्ल्यात आणि खेड्यापाड्यांत चर्चे उभी राहिली. धर्मप्रसाराचा भार पोर्तुगालच्या राजाने आपल्या शिरावर घेतला होता. धर्मगुरूंचे वेतन आणि चर्चांचा मोठा खर्च राजाच्या तिजोरीतून किंवा नेमून दिलेल्या उत्पन्नातून होत असे. त्या काळात देवळे पाडली गेली, सक्ती झाली, लोकांनी दुःखे सोसली. इतिहासाचा हा भाग झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. त्याच वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये गेला आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत होय.

पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेने हे सारे चित्र पालटले. १७३७ साली सुरू झालेली ती मोहीम १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडल्यावर संपली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा यांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. विजेत्याच्या दृष्टीने तीही कृतज्ञतेचीच खूण होती. मात्र ज्या गावांची घंटा गेली, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. राजा नाही, तिजोरी नाही, संघांचे मठ ओस पडलेले. आता हा समाज कशाच्या बळावर उभा राहणार?

केवळ सत्तेसाठी किंवा वेतनासाठी जमलेला जमाव असता, तर तो एका पिढीत पांगला असता. तसे झाले नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली आणि शेतकरी, बागाईतदार, कोळी यांनी चर्चाचा भार उचलला. भात, केळी, नारळ, मासळी, श्रम, ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने द्यावयाचे. पूर्वी दान वरून खाली येत असे, आता ते घराघरातून येऊ लागले. धर्मग्राम खऱ्या अर्थाने लोकांचे झाले ते येथून पुढे, असे म्हणावयास हरकत नाही.

या देण्यामागची वृत्ती पाहावयाची असेल, तर कापणीच्या दिवसांत पाहावी. वसई, साष्टी आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावांत, विशेषतः ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या समाजात, ‘आगेरा’ नावाचा सण आहे. लॅटिन भाषेतील शेतवाचक शब्दावरून हे नाव आले, असे सांगतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसे धर्मगुरूंच्या आशीर्वादानंतर मिरवीत चर्चात नेतात. कणसांतील काही घरी येतात आणि देवाजवळ ठेवली जातात. भात शेतात उभे असतानाच त्यातील पहिला वाटा आपला नव्हे, ही आठवण त्या दिवशी सगळ्या गावाला एकदम होते.

कोकणातील श्रोत्यांना हे वर्णन ऐकून नव्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच आश्विनाच्या सुमारास हिंदू घरांतही भाताची कणसे आणून दारावर बांधतात, नवान्न देवाला दाखवतात आणि मगच घरात नवा तांदूळ शिजतो. प्रार्थनेचे शब्द वेगळे, देवघर वेगळे, पण खाचर तेच आणि पाऊसही तोच. धर्म बदलला तरी भूमीचे ऋण बदलत नाही, हे या दोन सणांनी शतकानुशतके शेजारी राहून दाखविले आहे.

ऋण या शब्दाला आणखीही एक अर्थ आहे. वसईचा बागाईतदार पानवेली लावी, केळी पिकवी, आगाशीकडची सुकेळी बाजारात पाठवी. १८६० च्या दशकात रेल्वे आल्यावर भाजीपाला आणि फुले मुंबईस जाऊ लागली. परंतु बी-बियाणे, विहीर, लग्न, आजारपण यांसाठी पैसा लागे, तो सावकाराकडून येई. भूमीचे ऋण माणसाला नम्र करते, सावकाराचे ऋण त्याला वाकविते. अशा वेळी धर्मग्रामाने काय करावे? गरजू माणसाच्या हातावर चार नाणी ठेवली, तर दिवस निघतो, पण त्याची मान खालीच राहते.

याचे उत्तर १९१८ साली मिळाले. मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने वसईच्या कॅथॉलिक समाजाची सहकारी पतसंस्था स्थापन झाली. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी देशात सहकाराची वाट मोकळी करून दिली होती. शेजाऱ्यांनी आपापली लहान बचत एकत्र करावयाची, त्यातूनच गरजूला माफक व्याजाने कर्ज द्यावयाचे आणि कारभारात भाग थोडे असोत वा अधिक, प्रत्येकाला एकच मत असावयाचे, अशी सहकाराची रीत आहे. आज ठेव ठेवणारा उद्या कर्जदार होतो आणि आजचा कर्जदार परवा दुसऱ्याला जामीन राहतो. देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग तेथे उरत नाहीत. ही संस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. तिचे मुख्य कार्यालय पापडीलाच आहे. आगेऱ्याच्या कणसांत आणि या बँकेच्या पासबुकात वरवर पाहता काहीच साम्य नाही. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच जाणीव आहे: जे आपल्या हाती आले, ते केवळ आपले नव्हे.

याचा अर्थ या समाजात भेद नव्हते असा नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी हे गट धर्मांतरानंतरही राहिले आणि सोयरिकी बहुधा आपल्याच गटात होत आल्या. वेदीपाशी एकत्र अर्पण करणारी माणसे पंगतीला आणि मांडवाला एकत्र येण्यास फार उशीर लागला. दानाने समाज जोडला जातो, पण आपोआप समान होत नाही, हेही वसईचा इतिहास सांगतो.

स्वातंत्र्यानंतर या कृतज्ञतेला स्वतःची भाषाही मिळाली. १९५५ साली ‘सुवार्ता’ हे मराठी नियतकालिक निघाले. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेस संमती दिली आणि लॅटिनमध्ये ऐकलेली प्रार्थना लोक मराठीत म्हणू लागले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

याच सुमारास एक नवे संकट उभे राहिले. मुंबई वाढत वसईपर्यंत आली. शेते विकली गेली आणि विहिरींचे पाणी टँकरांतून जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या रक्षणासाठी लोकांना संघटित केले. त्या चळवळीत ख्रिस्ती आणि हिंदू एकाच मोर्च्यात चालले. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. दरम्यान २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली होती.

मुंबईतील ज्या गावठाणांभोवतीची शेते नाहीशी झाली, तेथे आगेऱ्याची कणसे आता दुसरीकडून आणावी लागतात. सण चालू आहे, मिरवणूक निघते, बँड वाजतो. परंतु ज्या खाचराचे आभार मानावयाचे, ते खाचर तेथे नाही. वसईत अद्याप काही शेते शिल्लक आहेत. आभार मानणाऱ्या माणसाने दिलेल्या वस्तूचे जतनही केले पाहिजे, ही गोष्ट जुन्या काळी कोणाला सांगावी लागत नव्हती. राजाश्रय गेला तेव्हा वसईचे धर्मग्राम आपल्या शेतांच्या आधारावर तगले. आता त्या शेतांना धर्मग्रामाच्या आधाराची गरज आहे, आणि हे देणे एका समाजाचे नसून तेथील पाण्यावर व मातीवर जगणाऱ्या सर्वांचे आहे.