बाथ, १९६६ : कागदावरचे स्वर आणि मैफलीत सुचणारे स्वर

१/ जून १९६६. इंग्लंडमधील बाथ शहराच्या संगीत महोत्सवात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन आणि सतारवादक पंडित रविशंकर यांनी एकत्र वादन केले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हणून हा प्रसंग गाजला. परंतु त्यात उत्स्फूर्त किती आणि लिखित किती, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही.

२/ या भेटीची मुळे जुनी होती. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन भारतात आले व दुष्काळनिधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. दिल्लीत त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना उस्ताद अली अकबर खाँ यांचा परिचय त्यांनीच करून दिला. १९५९ पासून बाथ महोत्सवाची सूत्रे त्यांच्या हाती होती.

३/ अडचण वाद्याची नव्हती. कर्नाटक संगीताने व्हायोलिन एकोणिसाव्या शतकातच आपलेसे केले होते. हिंदुस्थानी संगीतात पंडित वि. गो. जोग त्यावर राग मांडत होते. अडचण संस्कारांची होती. मेन्युहिन लहानपणापासून लिखित रचना वाजवत आले होते. रागात चौकट ठरलेली असते. तिच्यातील विस्तार मात्र वादकाला त्या क्षणी सुचावा लागतो.

४/ म्हणून मेन्युहिन यांनी पीटर फॉइश्टवांगर या संगीतकाराकडून रागाधारित रचना लिहून घेतली. रविशंकरांचे तिने समाधान झाले नाही. त्यांनी ती नव्याने घडवली. तिलंग रागावरील ही रचना म्हणजे ‘स्वर काकली’. पन्नाशीचा जगन्मान्य वादक येथे विद्यार्थ्याच्या भूमिकेत होता.

५/ ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ मध्ये निघाली. तिच्या एका बाजूस भारतीय रचना आहेत. दुसऱ्या बाजूस जॉर्ज एनेस्कू यांचा व्हायोलिन-पियानोचा तिसरा सोनाटा आहे. पियानोवर मेन्युहिन यांची बहीण हेफ्झिबा.

६/ ही निवड अर्थपूर्ण ठरते. एनेस्कू हे मेन्युहिन यांचे गुरू. रुमानियाच्या लोकवादकांचे व्हायोलिन ऐन वेळी सुचल्यासारखे वाटते. तोच आभास एनेस्कूंनी १९२६ मध्ये बारीकसारीक खुणांसह कागदावर उतरवला. उत्स्फूर्ततेकडे लिखित वाटेने जाण्याचा अभ्यास मेन्युहिन यांना आपल्या गुरूंच्या या कृतीतून आधीच झालेला होता.

७/ फेब्रुवारी १९६८ मध्ये या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी मिळाले. विभाग होता ‘चेंबर संगीत’, म्हणजे मोजक्या वादकांनी, मोठ्या वाद्यवृंदाविना सादर करायचे युरोपीय अभिजात संगीत. रविशंकरांचे हे पहिले ग्रॅमी. सतार-तबल्याला मान मिळाला, पण तो युरोपच्या जुन्या खणातच.

८/ त्याआधी, १० डिसेंबर १९६७ रोजी, मानवी हक्क दिनानिमित्त दोघांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एकत्र वादन केले होते. तेव्हापासून ‘संगम’ हा शब्द त्यांच्या नावाला चिकटला. या शब्दामुळे दोन्ही बाजू सारख्याच चालून आल्या, असा समज होतो. वस्तुतः रागाची भाषा रविशंकरांची होती आणि ती शिकण्याचे कष्ट मेन्युहिन यांचे. पाश्चात्त्य वादकाने भारतीय संगीताला केवळ रंगत आणणारा मसाला न मानता शिकण्याजोगे शास्त्र मानले, हे बाथच्या मैफलीचे ऐतिहासिक महत्त्व होय.

(समाप्त)